घाट चढून येणारे तेल आणि केशवदेव मालवीय

(प्रतिनिधी)

लोणावळा : बोरघाटाने ऊर्जेची ये-जा दोन्ही दिशांनी पाहिली आहे. १९१५ मध्ये लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात पोहोचले आणि मावळात पडणाऱ्या पावसाच्या बळावर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. पुढे १९८० च्या दशकात उलटा प्रवास सुरू झाला. मुंबईच्या माहुल परिसरातील कारखान्यात शुद्ध झालेले पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल जमिनीखालच्या वाहिनीतून सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यात येऊ लागले. एकाच नळातून कधी पेट्रोल, कधी डिझेल असे पाळीपाळीने इंधन ढकलले जाते आणि ते लोणी काळभोरच्या साठवण टाक्यांत उतरते. पुढे ही वाहिनी सोलापूरपर्यंत नेण्यात आली. ज्वालाग्राही द्रव रस्त्याने घाटातून नेणे किती जोखमीचे असते, हे मावळाने १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ पेटलेल्या टँकरच्या रूपाने अनुभवले आहे. त्या दुर्घटनेत चौघांचा बळी गेला. त्या मानाने वाहिनीचे काम मूकपणे चालते आणि म्हणूनच तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या वाहिनीतील तेल कोण शोधते, कोण शुद्ध करते आणि त्याचा भाव कोण ठरवते, हे प्रश्न स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत मात्र देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी होते. ते तेथे आणून ठेवणारे गृहस्थ म्हणजे केशवदेव मालवीय. भारतीय तेल उद्योगाचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. उत्तर प्रदेशातील या नेत्याचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही. वस्तुतः त्यांच्या कार्याचे अनेक महत्त्वाचे प्रसंग मुंबईच्या किनाऱ्यावर, माहुल, पीरपाव आणि मुंबई हाय येथेच घडले आहेत.

प्रयाग ते दिल्ली

केशवदेव मालवीय यांचा जन्म ११ जून १९०४ रोजी झाला. पंडित मदनमोहन मालवीय यांचे घराणे तेच त्यांचे घराणे. प्रयागच्या त्या वातावरणात राष्ट्रीय चळवळीचे संस्कार वेगळे करावे लागत नव्हते. शिक्षणाची दिशा मात्र केशवदेवांनी निराळी निवडली. वकिलीकडे न वळता ते कानपूरच्या हार्कोर्ट बटलर तंत्रसंस्थेत तेलतंत्र शिकले. त्या काळी अशा संस्थांतून तेलतंत्र म्हणजे प्रामुख्याने तेलबिया, त्यांचे गाळप आणि साबण असा अर्थ होता. जमिनीखालचे खनिज तेल हा विषय आसाम आणि ब्रह्मदेशातील विलायती कंपन्यांच्या कुंपणाआड होता. तरीही कच्चा माल आणि पक्का माल यांच्यामध्ये जे शास्त्र उभे असते, त्याची ओळख त्यांना तेथे झाली. राजकारणात पडलेल्या त्यांच्या पिढीतील फार थोड्या लोकांना ती होती.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, संयुक्त प्रांतात काँग्रेसचे संघटनकार्य केले आणि स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशाच्या मंत्रिमंडळात काम पाहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले. पंडित नेहरूंनी त्यांना उपमंत्री केले. खाते होते शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन. त्याचे मंत्री मौलाना आझाद. दिल्लीत या खात्याकडे वजनदार खाते म्हणून कोणी पाहत नव्हते. पुढील दशकातील तेलाचे राजकारण याच खात्यातून उभे राहणार आहे, याची कल्पना तेव्हा कोणाला असण्याचे कारण नव्हते.

माहुलचे करार

त्या वेळची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय मालवीय यांच्या धडपडीचा अर्थ लागत नाही. आसामात दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले होते आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखानाही सुरू झाला होता. परंतु त्यातून देशाची गरज भागणे शक्य नव्हते. बहुतेक इंधन परदेशातून शुद्ध होऊनच येई. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर संध्याकाळी जो कंदील लागे, त्यातले रॉकेल बोटीने मुंबईत उतरलेले असे. रॉकेल हा मराठी शब्दच मुळी रॉक ऑइल या विलायती नावावरून घडलेला आहे.

इराणमध्ये १९५१ साली तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तेथील अबादानचा प्रचंड कारखाना बंद पडला, तेव्हा आयातीवर विसंबण्यातला धोका सर्वांना कळला. त्या सुमारास भारत सरकारने तीन परदेशी कंपन्यांशी करार केले. स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा माहुल येथील कारखाना १९५४ मध्ये, त्याच्या शेजारचा बर्मा शेलचा कारखाना १९५५ मध्ये आणि कॅल्टेक्सचा विशाखापट्टणमचा कारखाना १९५७ मध्ये सुरू झाला. कारखाने देशात आले, रोजगार आला, परकीय चलनही काहीसे वाचले. कराराच्या अटी मात्र कंपन्यांना धार्जिण्या होत्या. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, ही हमी सरकारने दिली होती. कच्चे तेल कोठून आणायचे, हे कंपन्याच ठरवणार होत्या. साहजिकच ते त्यांच्याच मूळ कंपन्यांच्या विहिरींतून येई. विक्रीचा भाव आयातसममूल्य तत्त्वावर ठरे. म्हणजे माल माहुलला तयार झाला, तरी तो इराणच्या आखातातून जहाजाने आला आहे असे मानून, वाहतूक आणि विम्याचा खर्च धरून किंमत लावली जाई.

मनोऱ्यातील विभागणी

शुद्धीकरणाच्या कारखान्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी आत काय चालते ते पाहिले पाहिजे. कच्चे तेल हा एक पदार्थ नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेकडो संयुगांचे ते मिश्रण असते. जसेच्या तसे ते वाहनात घालता येत नाही की स्टोव्हमध्ये जाळता येत नाही. प्रथम त्यातील पाणी आणि मीठ काढून टाकतात, कारण मीठ राहिले तर यंत्रसामग्री गंजते. मग भट्टीत ते सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. मनोऱ्याचा तळ तप्त आणि माथा त्या मानाने थंड असतो. तेलाची वाफ वर चढू लागते आणि प्रत्येक घटक आपापल्या तपमानाला पुन्हा द्रव होतो. डिझेल मधल्या थरांवर, त्याच्या वर रॉकेल, त्याहून वर नाफ्ता अशी विभागणी होते. माथ्याशी वायू उरतात. त्यांतील प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रवरूप करून सिलिंडरमध्ये भरले जातात. या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात.

तळाशी राहिलेला जड भाग वाया जात नाही. तो निर्वात मनोऱ्यात पुन्हा तापवला जातो. कमी दाबामुळे तो न जळता वेगळा होतो आणि अगदी शेवटी डांबर उरते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पसरलेले डांबर हा याच तळाचा भाग. डिझेलपेक्षा जड घटकांचे रेणू उत्प्रेरकाच्या साह्याने तोडून त्यांपासून पेट्रोल मिळवतात. या क्रियेला भंजन म्हणतात. नंतर हायड्रोजनच्या साह्याने गंधक काढले जाते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकानुसार पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे १० पेक्षा अधिक भाग चालत नाहीत.

तेल आणि तेल यांतही फरक असतो. काही तेल हलके, काही जड. काहींत गंधक अधिक, काहींत मेण अधिक. ज्या जातीचे तेल मिळणार असेल, तिचा विचार करून कारखाना बांधला जातो. म्हणूनच कच्चे तेल पुरवणारा, ते शुद्ध करणारा आणि पक्का माल विकणारा हे तिन्ही एकच असले, तर खरेदी करणाऱ्या देशाच्या हाती काहीच उरत नाही. तेलतंत्र शिकलेल्या मालवीय यांना ही साखळी इतरांपेक्षा आधी दिसली. ती तोडायची तर तेल शोधणे, शुद्ध करणे आणि विकणे या तिन्ही ठिकाणी सरकारचा स्वतःचा पाय रोवला गेला पाहिजे, हे त्यांच्या पुढील सर्व कामाचे सूत्र राहिले.

शोधाची सुरुवात

पहिला अडसर होता तो अविश्वासाचा. आसामबाहेर भारतात तेल मिळण्याची शक्यता फारशी नाही, असे पाश्चात्य कंपन्यांचे सर्वसाधारण मत होते. स्टँडर्ड व्हॅक्यूमशी भागीदारीत बंगालमध्ये शोध सुरू झाला, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. सरकारने अशा जुगारात पैसा घालावा का, हा प्रश्न दिल्लीतही विचारला जात होता. तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. विहीर खणूनही ती कोरडी निघण्याचा धोका तेलाच्या धंद्यात नेहमीचाच असतो आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाचा प्रत्येक रुपया मोजून खर्च होत होता.

मालवीय यांनी १९५५ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण विभागातील मोजक्या शास्त्रज्ञांना घेऊन तेल आणि नैसर्गिक वायू संचालनालय सुरू करविले. त्याच सुमारास त्यांनी परदेशांचा दौरा केला. सोव्हिएत संघाने तज्ज्ञ, यंत्रे आणि प्रशिक्षण देण्याची तयारी दाखवली. कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांनी देशभर फिरून अहवाल दिला आणि खंभातच्या खोऱ्यासह अनेक ठिकाणी शोध घेण्याजोगा असल्याचे सांगितले. एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणात खनिज तेलाचा भावी विकास सरकारच्या अखत्यारीत ठेवला गेला. १४ ऑगस्ट १९५६ रोजी संचालनालयाचे रूपांतर तेल आणि नैसर्गिक वायू आयोगात झाले आणि १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. मुख्यालय देहरादूनला ठेवण्यात आले.

आयोगाची पहिली विहीर हिमालयाच्या पायथ्याशी ज्वालामुखी येथे खणली गेली. तेथे वायूच्या खुणा सापडल्या, मात्र तेल सापडले नाही. टीकाकारांना बळ मिळेल अशी ही स्थिती होती. सप्टेंबर १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि चित्र पालटले. खंभात तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होते आणि यशवंतराव चव्हाण या राज्याचे मुख्यमंत्री होते. म्हणजे आयोगाचे पहिले तेल मुंबई राज्याच्याच भूमीतून वर आले. १९६० मध्ये अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा मिळाला. तोवर महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली होती.

या यशाचे श्रेय तज्ज्ञांचे आणि कामगारांचे आहे, यात शंका नाही. मालवीय यांचे काम वेगळे होते. कोरड्या विहिरींच्या काळात पैसा आटू न देणे, तरुण भूवैज्ञानिकांना प्रशिक्षणासाठी परदेशी धाडणे आणि परत आलेल्यांवर जबाबदारी टाकणे, हे त्यांनी चिकाटीने केले. भाड्याच्या तज्ज्ञांकडून तेल शोधून घेता आले असते. त्याऐवजी आपल्याच माणसांकडून ते शोधवून घेण्यावर त्यांचा भर राहिला.

पीरपावला आलेले जहाज

तेल सापडले तरी ते शुद्ध कोठे करायचे आणि विकायचे कोणी, हे प्रश्न उरतच होते. सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने उभारण्यासाठी १९५८ मध्ये इंडियन रिफायनरीज ही कंपनी आणि विक्रीसाठी ३० जून १९५९ रोजी इंडियन ऑइल ही कंपनी स्थापन झाली. आसामातील नव्या तेलासाठी गुवाहाटीजवळ नूनमाटी येथे रुमानियाच्या मदतीने कारखाना उभा राहिला. त्याचे उद्घाटन १ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंनी केले. सोव्हिएत साह्याने बरौनीचा कारखाना १९६४ मध्ये आणि गुजरातच्या तेलासाठी कोयलीचा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला.

खरी झुंज मात्र मुंबईत झाली. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने जागतिक भावापेक्षा स्वस्त कच्चे तेल देऊ केले आणि त्याची किंमत रुपयांत स्वीकारण्याची तयारी दर्शवली. परकीय चलनाच्या टंचाईत ही मोठी सोय होती. परंतु देशात कारखाने होते ते परदेशी कंपन्यांचे. सरकारने त्यांना हे तेल शुद्ध करण्याविषयी विचारले. कंपन्यांनी नकार दिला आणि कराराप्रमाणे तो त्यांचा हक्कही होता. कारखाना आपल्या भूमीवर असला तरी त्याच्या भट्टीत काय जाईल हे आपण ठरवू शकत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सरकारच्या पूर्णपणे ध्यानी आली.

कच्चे तेल नाही तर पक्का माल आणायचा, असा मार्ग काढण्यात आला. १७ ऑगस्ट १९६० रोजी उझगोरोद हे सोव्हिएत जहाज मुंबईच्या पीरपाव धक्क्याला लागले. त्यात ११ हजार टनांहून अधिक डिझेल होते. इंडियन ऑइलच्या व्यवसायाचा आरंभ या एका जहाजाने झाला. देशाच्या एकूण गरजेच्या मानाने हे डिझेल फार थोडे होते. पण बाजारात दुसरा विक्रेता आला, एवढ्याने भावाच्या वाटाघाटींचा सूर बदलला. कच्च्या तेलाच्या दरात कंपन्यांना सवलती द्याव्या लागल्या. त्याच वर्षी सरकारने तेलाच्या किमतींची चौकशी करण्यासाठी दामले समिती नेमली. १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. तोवर कंपन्यांच्या हिशेबावर चालणारी किंमत यापुढे सरकारच्या तपासणीखाली आली आणि त्यानंतरच्या तालुकदार समितीसारख्या समित्यांनी तीच वाट पुढे नेली.

मालवीय यांच्यावर या काळात टीकाही पुष्कळ झाली. ते सोव्हिएत संघाकडे वाजवीपेक्षा अधिक झुकलेले आहेत, असा आरोप काँग्रेसमधील उजव्या गटाकडून आणि विरोधकांकडून होत असे. एकाचे अवलंबन सोडताना दुसऱ्याचे पत्करले जात आहे, ही शंका निराधार नव्हती. यंत्रे सोव्हिएत, सुटे भाग सोव्हिएत, सल्लागारही तेथलेच. पुढे आयोगाने फ्रान्स, जपान आणि अमेरिकेकडून तंत्रज्ञान घेतले, तेव्हा हा तोल बराचसा सावरला.

दहा हजार रुपयांचे प्रकरण

सत्तेच्या शिखरावर असतानाच मालवीय यांना पायउतार व्हावे लागले. १९५७ च्या निवडणुकीत एका काँग्रेस उमेदवारासाठी ओरिसातील सिराजुद्दीन या खाण कंपनीकडून दहा हजार रुपये मिळवून दिल्याचे प्रकरण उघड झाले. खाणखाते त्यांच्याकडेच होते. त्यामुळे या देणगीला निराळा अर्थ चिकटला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. तिचा अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. जून १९६३ मध्ये मालवीय यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाकडे दोन दृष्टींनी पाहिले गेले. तेल कंपन्यांच्या हितसंबंधांना धक्का देणाऱ्या मंत्र्याला दूर करण्यासाठी लहान गोष्टीचे मोठे भांडवल झाले, असे त्यांचे समर्थक मानत. आपल्याच खात्याशी संबंध येणाऱ्या कंपनीकडून निवडणुकीसाठी पैसा घेणे, रक्कम कितीही लहान असली तरी, मंत्र्याला शोभणारे नाही, हे विरोधकांचे म्हणणे होते. अहवाल लोकांसमोर न आल्याने निवाडा झालाच नाही. तेलाच्या साखळीतील प्रत्येक व्यवहार उघड व्हावा म्हणून झगडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडावे, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत खिन्न करणारा भाग आहे.

सागर सम्राट

खाते सुटले तरी त्यांनी उभी केलेली यंत्रणा थांबली नाही. १९६४ ते १९६७ या काळात अकादमिक अर्खांगेल्स्की या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि रशियन शास्त्रज्ञांनी खंभातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात भूकंपलहरींच्या पद्धतीने पाहणी केली. कृत्रिम धक्क्यांच्या लहरी तळाखालच्या खडकांवर आदळून परततात. त्या परतण्याला लागणाऱ्या वेळावरून थरांचा आकार कळतो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर खडकांचा एक प्रचंड उंचवटा असल्याचे या पाहणीत दिसले. तेथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. एवढ्या पाण्यात विहीर खणण्याचे साधन मात्र आयोगाकडे नव्हते.

ते साधन जपानमध्ये बांधले गेले. सागर सम्राट हे तरंगते खोदकामगृह १९७३ मध्ये तयार झाले. आपले पाय समुद्रतळावर टेकवून ते पाण्याच्या वर उचलले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांतच सुमारे चौपट झाले. भारतावर आलेल्या या संकटात १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राटने समुद्रतळाखालच्या चुनखडीच्या थरांत तेल गाठले. मुंबई हायचा शोध लागला तो असा.

मालवीय त्या क्षणी पेट्रोलियम मंत्री नव्हते. केंद्रीय मंत्रिमंडळात ते परतले होते, पण पोलाद आणि खाण खात्याचे मंत्री म्हणून. ऑक्टोबर १९७४ मध्ये पेट्रोलियम खाते त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. २१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. आरंभी हे तेल जहाजाने किनाऱ्यावर येई. दशकाच्या अखेरीस समुद्राखालून वाहिनी टाकून ते उरणला आणि तेथून माहुलच्या कारखान्यांना पोहोचवण्यात आले.

माहुलचे ते कारखानेही आता परक्यांचे राहिले नव्हते. स्टँडर्ड व्हॅक्यूमचा वारसा चालवणाऱ्या एस्सो कंपनीचा भारतातील व्यवसाय १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने सरकारने घेतला आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा जन्म झाला. बर्मा शेलचा व्यवसाय जानेवारी १९७६ मध्ये मालवीय यांच्याच कारकिर्दीत सरकारकडे आला. तीच आजची भारत पेट्रोलियम. त्या वर्षाच्या अखेरीस कॅल्टेक्सचीही पाळी आली. सह्याद्री चढून मावळच्या दिशेने येणारी वाहिनी पुढे टाकली ती याच हिंदुस्थान पेट्रोलियमने.

हा काळ आणीबाणीचा होता आणि मालवीय त्या सरकारमध्ये अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या चरित्रातील ही बाजू तेलाच्या यशामागे झाकता येणार नाही. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशात काँग्रेसची धूळधाण झाली आणि त्यांचे मंत्रिपद गेले. २७ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. देहरादून येथील आयोगाच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

उरणचा वायू, तळेगावची वाहिनी

मुंबई हायच्या तेलाबरोबर वायूही वर येतो. तो साठवण्याची आणि वापरण्याची सोय नसेल तर समुद्रातच जाळून टाकावा लागतो. पहिल्या काही वर्षांत पुष्कळसा वायू असाच जळाला. उरणच्या प्रकल्पाने हे चित्र पालटले. तेथे तेल स्थिर केले जाते, म्हणजे त्यात विरघळलेला वायू काढून ते साठवण्याजोगे केले जाते. वायूतील पाणी आणि जड घटक वेगळे होतात, थंड करून स्वयंपाकाचा गॅस काढला जातो आणि उरलेला, मुख्यतः मिथेन असलेला वायू पुढे जातो. तुर्भे आणि थळ येथील खत कारखाने तसेच उरणचे वायू वीजकेंद्र यांना या वायूचा आधार मिळाला. थळच्या युरियाची गोणी कोकणात आणि घाटावर शेताच्या बांधावर पोहोचते, तेव्हा समुद्राखालचा वायूच भातखाचरात उतरलेला असतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडसह तळेगाव, चाकण, हिंजवडी या पट्ट्यात नळाने वायू पुरवण्यासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली. तिच्या भागीदार गेल आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या आहेत. पैकी दुसरी म्हणजे जुनी बर्मा शेल.

हिशेब

मालवीय यांच्या कार्याचा हिशेब मांडताना एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. देश तेलाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही. आज गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करावे लागते. मुंबई हायचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर उतरत गेले. मावळात पेट्रोल पंपावर भरल्या जाणाऱ्या इंधनाचा बराच भाग इराक, सौदी अरेबिया किंवा रशिया येथील विहिरींतून आलेला असतो.

मग साधले काय? १९६० मध्ये रशियाचे स्वस्त तेल समोर असूनही ते शुद्ध करणे भारताच्या हाती नव्हते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाचे तेल पुन्हा स्वस्तात मिळू लागले, तेव्हा पाश्चात्य देशांची नाराजी असूनही भारतीय कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर घेतले आणि शुद्ध केले. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाविषयी मतभेद असतील. पण तो निर्णय दिल्लीत घेता आला आणि आपल्याच कारखान्यांत अमलात आणता आला. मालवीय ज्यासाठी झगडले ते हेच होते. स्वस्त तेलाचा लाभ ग्राहकाच्या पदरात कितपत पडतो, भावातील कराचा वाटा किती असावा, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत आणि त्यांचा जाब आता परदेशी कंपनीला नव्हे, तर आपल्याच सरकारला विचारावा लागतो.

ज्ञानाची बाजू अद्याप अपुरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवेसाठी निवड केली. बर्मा ऑइल कंपनीने १९०९ मध्ये उभारलेल्या अँग्लो-पर्शियन कंपनीचेच हे आजचे रूप. जुन्या क्षेत्रातून उरलेले तेल काढणे हे अवघड शास्त्र आहे आणि ते जेथे असेल तेथून घेण्यात कमीपणा नाही. मालवीय यांनीही सोव्हिएत तज्ज्ञ बोलावले होते. मात्र त्यांच्या हाताखाली आपली माणसे शिकून तयार व्हावीत आणि पुढची विहीर त्यांनीच खणावी, अशी व्यवस्था त्यांनी त्याच वेळी केली होती. मुंबई हायच्या नव्या पर्वाची पारख करतानाही तीच कसोटी लावावी लागेल.